कोरमअभावी तहकूब: लिहिणाऱ्यांसाठी थोडी लॅटिन

आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यातल्या ग्रामसभेत लॅटिन चालते असं कुणी म्हटलं, तर सरपंचांपासून शिपायापर्यंत सगळेच हसतील. पण सभेला माणसं कमी जमली की ग्रामसेवक इतिवृत्तात लिहितो, 'कोरमअभावी सभा तहकूब.' पहिला शब्द लॅटिन, मधले संस्कृत आणि शेवटचा फारसी दप्तरातून आलेला. एवढ्याशा वाक्यात तीन घरचे पाहुणे, आणि ऐकणाऱ्याला ते वाक्य शुद्ध मराठी वाटतं. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. सरकारी मराठीत याला 'गणपूर्ती' म्हणतात. चावडीवर मात्र कोरमच भरतो किंवा भरत नाही.

लॅटिनमध्ये 'क्वोरुम' हे नामसुद्धा नाही. ते संबंधी सर्वनामाचं षष्ठीचं बहुवचन आहे: 'ज्यांचा', 'ज्यांपैकी'. जुन्या इंग्लंडात न्यायाधीश नेमण्याचा हुकूम लॅटिनमध्ये निघे. अमुक अमुक मंडळी, 'ज्यांपैकी' तुम्ही एक असावं अशी आमची इच्छा आहे, अशी त्यातली भाषा असे. पुढे वाक्य गळून पडलं आणि सर्वनाम तेवढं खुर्ची अडवून बसलं. आज एका विभक्तिप्रत्ययाअभावी गावच्या पाणीयोजनेची चर्चा आठवडाभर पुढे जाते.

पुढच्या पानांत जमवलेले शब्दप्रयोग अशाच जातीचे आहेत. ते लिहिणाऱ्यांसाठी आहेत: तालुक्याच्या बातम्या पाठवणारा वार्ताहर, यात्रेची स्मरणिका काढणारे शिक्षक, दिवाळी अंकाला कथा देणारी तरुणी, अर्ज लिहून देणारा, आणि निवृत्तीनंतर आत्मचरित्राला हात घालणारा प्रत्येक जण. लॅटिन शिकवावी असा या पानांचा हेतू नाही. ती आधीच घरात शिरलेली आहे, तिला ओळखावं आणि कामाला लावावं, इतकंच.

ती कुठे कुठे शिरली आहे ते पाहायला नारायणगावच्या एसटी स्थानकावर उभं राहिलं तरी पुरे. 'बस' हा शब्द 'ओम्निबुस'चा उरलेला तुकडा आहे. 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. 1820 च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात भाडं देणाऱ्या कुणालाही घेणारी घोडागाडी निघाली, तिला हे नाव पडलं. लोकांनी पुढचा 'सर्व' टाकून दिला आणि मागचा प्रत्यय ठेवला. म्हणजे शाळेत 'स, ला, ना, ते' घोकणारी मुलं ज्या लाल गाडीतून घरी जातात, ती गाडी स्वतःच चतुर्थीचा बहुवचनी प्रत्यय आहे! गंमत इथेच संपत नाही. लॅटिनचा हा '-बुस' आणि संस्कृतचा '-भ्यः' एकाच मुळाचे. लॅटिन 'पात्रिबुस' आणि पितृपंधरवड्यात गुरुजींच्या तोंडून ऐकू येणारं 'पितृभ्यः' ही सख्खी भावंडं. या भाषांमधलं साम्य सर विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्याच्या व्याख्यानात मांडलं आणि तुलनात्मक भाषाशास्त्राला दिशा मिळाली. एसटी महामंडळाचं ब्रीद आहे 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय'. तीही चतुर्थीच. गाडीच्या नावात आणि गाडीच्या ब्रीदात एकच विभक्ती यावी हा योगायोग कुणी ठरवून आणलेला नाही, म्हणून तो अधिक गोड.

जून महिन्यात शाळांच्या कार्यालयांत 'बोनाफाईड'ची रांग लागते. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं काम असो, वसतिगृह असो की शिष्यवृत्ती, बोनाफाईडशिवाय पान हलत नाही. 'बोना फिदे' म्हणजे 'सद्भावनेने', 'खऱ्या मनाने'. 'दोन बोनाफाईड द्या' म्हणणारा पालक खरं तर दोन सद्भावना मागतो, आणि कधीकधी त्याला 'उद्या या' असं ऐकावं लागतं.

औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात त्या 'बी.डी.' आणि 'टी.डी.एस.' याही लॅटिनच: दिवसातून दोनदा, दिवसातून तीनदा घ्यावं. 'एस.ओ.एस.' म्हणजे जहाज बुडाल्याची हाक नव्हे, 'गरज पडल्यास'. पगारदाराला टी.डी.एस. वर्षाअखेरीला छळतो, रुग्णाला रोज तीन वेळा.

कोर्टाच्या आवारात तर लॅटिनचं वतनच आहे. उच्च न्यायालयाने एखाद्या बातमीची स्वतःहून दखल घेतली की मराठी वर्तमानपत्रं 'सुओ मोटो' किंवा 'स्यू मोटो' असं छापतात. मूळ रूप 'सुओ मोतू', म्हणजे 'स्वतःच्या प्रेरणेने'. शेवटचा 'ओ' ही पुढच्यांची कारागिरी, आणि ती केवळ मराठी पत्रकारांचीच आहे असं नाही, इंग्रजी लिहिणारेही तीच चूक करतात. संविधानाच्या 226 व्या अनुच्छेदात उच्च न्यायालयाला ज्या पाच प्रकारचे आदेश काढता येतात, त्यांतल्या चारांची नावं सरळ लॅटिन आहेत. मराठी भाषांतरकारांनी त्यांच्यासाठी 'देहोपस्थिती', 'क्वाधिकार', 'प्राकर्षण' असे शब्द घडवले. 'देहोपस्थिती' खरोखर सुरेख आहे: माणूस देहाने हजर करा, मग बोला. पण 'प्राकर्षण' वाचून घोडेगावचा पक्षकार वकिलाकडे ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने तो 'सर्शिओरारी' ऐकूनही बघतो. दोन्ही त्याला सारखेच परके. अशा वेळी लिहिणाऱ्याने दोन्ही शब्द बाजूला ठेवून 'खालच्या कोर्टाचे कागद वरच्या कोर्टाने मागवून घेतले' असं लिहावं.

हे दप्तरी भाषेचं प्रकरण या मुलखाला नवं नाही. जुन्नरइतक्या दप्तरी भाषा अंगावरून गेलेली गावं महाराष्ट्रात थोडी असतील. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची ती आकड्यांसह यादी आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतल्या लेण्यांत देणगीदारांचे लेख आहेत आणि त्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: 'देयधम', म्हणजे धर्मार्थ दिलेलं दान. कुणी पाण्याचं टाकं दिलं, कुणी मंडप, कुणी भोजनगृह. शेवटी 'देयधम' असतोच. आजच्या देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'सप्रेम भेट' असतं तसाच. या देणगीदारांत तिघे स्वतःला 'यवन' म्हणवतात. ग्रीक वंशाचे म्हणा किंवा पश्चिमेकडून आलेले म्हणा, त्यांच्या पूर्वजांची भाषा कोणतीही असो, जुन्नरच्या खडकावर त्यांनी इथल्या दप्तराचा ठरलेला शब्दच कोरून घेतला. परक्या मुलखात काम काढून घ्यायचं तर तिथला एखादा वाक्प्रचार पाठ असावा, हे त्यांना कळलं होतं.

त्याच काळात रोममध्ये थोरला प्लिनी लॅटिनमध्ये तक्रार करत होता. इसवी सन 77 च्या सुमाराच्या आपल्या निसर्गकोशात त्याने लिहून ठेवलं की भारत दरसाल रोमन साम्राज्याचे किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे, आणि घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीचा होता असं गाइड आजही सांगतात. लॅटिन भाषेला या रस्त्याची ओळख झाली ती अशी, रडगाण्यातून.

मग फारसी आली. मलिक अहमदने 1490 मध्ये निजामशाही उभी केली तेव्हा त्याचं पहिलं ठाणं जुन्नरच होतं. अहमदनगर नंतर वसलं. दोन्ही तालुक्यांतल्या गावांच्या पाट्यांवर ती फारसी अजून उभी आहे. मंचरजवळ अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द ही शेजारशेजारची गावं. 'बुद्रुक' हे 'बुजुर्ग'चं रूप, म्हणजे थोरलं, 'खुर्द' म्हणजे धाकटं. नेमका हाच उद्योग इंग्रजांच्या देशात लॅटिनने केला. लेस्टरशायरमध्ये अ‍ॅशबी मॅग्ना आणि अ‍ॅशबी पार्व्हा अशी दोन खेडी आहेत, थोरली अ‍ॅशबी आणि धाकटी अ‍ॅशबी. अवसरीकराला तिथे नेऊन सोडलं तर पाटी वाचून तो लगेच विचारील, 'दोघांत बुद्रुक कुठलं?'

शिवनेरीवर 1630 मध्ये जन्मलेल्या राजाने पुढे दप्तरातले फारसी-अरबी शब्द काढून संस्कृत शब्द आणावेत म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्याच्या लहान मुद्रेवर 'मर्यादेयं विराजते' अशी तीन संस्कृत शब्दांची मोहोर होती. पत्राची मर्यादा इथे संपली, पुढे कुणी काही घुसडू नये. शब्दसंक्षेपाचा याहून देखणा नमुना लॅटिनलाही क्वचितच साधला असेल. कोश झाला, गाजला, तरीही 'तालुका', 'जिल्हा', 'मजकूर', 'तपशील' हलले नाहीत. इंग्रजी पत्राखाली 'पोस्ट स्क्रिप्टुम'चं 'पी.एस.' येतं, म्हणजे 'लिहून झाल्यावर'. मराठी पत्राखाली 'ता.क.' येतो. 'ताजा कलम' हा फारसी प्रयोग लॅटिनपेक्षा कितीतरी सरस आहे. टाक पुन्हा दौतीत बुडवल्याचा ओलावा त्यात आहे. मराठीत 'पी.एस.' लिहिणाऱ्याला या पुस्तिकेकडून कोणतीही मदत मिळणार नाही.

आता उलट दिशेची गोष्ट, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. दख्खनभर फिरताना त्याने 1828 मध्ये नाणेघाटातले लेख पाहिले आणि ते विद्वानांच्या नजरेस आणले. पण माणसाला माणसांच्या आकड्यांइतकाच पशुपक्ष्यांचा नाद. त्याने 1831 आणि 1832 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या याद्या मांडल्या. शास्त्रीय नाव लॅटिन वळणाचं हवं हा नियम त्याने पाळला, पण शब्द मात्र इथलेच घेतले. जुन्नरच्या बाजारावर घिरट्या घालणाऱ्या घारीला त्याने नाव दिलं 'गोविंदा'. भारतीय घारीची उपजात आजही शास्त्रात 'मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा' आहे. एका चंडोलाला त्याने 'देवा' म्हटलं, तेही टिकलं. खोकडाला 'कोकरी' म्हटलं, ते मागे पडलं. रानकुत्र्याला, म्हणजे कोळसुंद्याला, 'दखुनेन्सिस', अर्थात 'दख्खनचा', असं बिरुद लावलं. हे सगळं करताना एका मोठ्या खारीला त्याने 'एल्फिन्स्टोनी' हे साहेबी नावही देऊन टाकलं. एल्फिन्स्टन 1827 मध्येच गव्हर्नरपद सोडून गेला होता, त्यामुळे ही खुशामत होती असं म्हणायला जागा नाही. ती खार म्हणजे भीमाशंकरचं शेकरू, राज्याचा मानाचा प्राणी. भीमाशंकरच्या अभयारण्याची पाटी 1985 मध्ये लागली. शेकरूची लॅटिन पाटी त्याच्या दीडशे वर्षं आधीची.

वनस्पतींच्या बाबतीत तर लॅटिनने या तालुक्यांशी मुक्त संसार मांडला आहे. डॉ. अलेक्झांडर गिब्सन दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक होता आणि जुन्नर भागात हिवऱ्यालाही त्याच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बाग होती. डॅल्झेल आणि गिब्सन यांचं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचं पुस्तक 1861 मध्ये निघालं. 'हॅबेनारिया गिब्सोनाय' ही आमरी त्याच्या नावाने पावसाळ्यात फुलते. सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीला पुढे एका वनस्पतिशास्त्रज्ञाने 'कार्विया' या प्रजातीत बसवलं, म्हणजे मराठी शब्दालाच लॅटिन शेपूट लावलं. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी कुटुंबं जो हिरडा वेचून विकतात, त्याच्या 'तर्मिनालिया चेबुला' या नावात मात्र काबूल लपलेलं आहे, कारण युरोपला तो काबुली माल म्हणून कळला. चिंचेची कथा तर वगनाट्याच्या लायकीची. अरबांनी तिला 'तमर हिंदी' म्हटलं, हिंदचा खजूर. लॅटिनने ते उचलून 'तमारिंदुस' केलं आणि पुन्हा 'इंडिका' जोडलं. दोनदा हिंदुस्थानी ठरवलेलं हे झाड मुळात आफ्रिकेतलं!

आणि टोमॅटो. नारायणगावच्या बाजारात ज्याच्या क्रेटची थप्पी लागते, त्याचं शास्त्रीय नाव 'सोलानुम लिकोपेर्सिकुम'. दुसरा शब्द ग्रीकवरून आलेला, अर्थ 'लांडग्याचा पीच'. भाव पडलेल्या दिवशी हा लांडगा नेमका कुणाला खातो, हे बाजारातला कुठलाही शेतकरी सांगेल.

लिहिणाऱ्याला या नावांचा उपयोग काय? बातमीत 'वाघ दिसला' असं येतं तेव्हा या भागात तो बहुधा बिबट्याच असतो. गावातही त्याला वाघ म्हणण्याची पद्धत आहे. फोटोखाली चित्ता छापून येतो तो भाग वेगळा. 'पँथेरा पार्डस' एकदा तपासून घेतलं की वाद मिटतो, आणि मग मजकुरात खुशाल बिबट्या लिहावं. लॅटिन पडद्यामागे ठेवून मराठी रंगमंचावर आणण्याचा हा प्रकार सगळ्यांत उत्तम.

रंगमंचाची गोष्ट निघालीच आहे. नारायणगाव ही तमाशासम्राज्ञी विठाबाईंची भूमी. यात्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या इथे पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. 'अ‍ॅड लिबितुम', म्हणजे 'मनाला येईल तसं', याचा अर्थ सांगायला इथे कोश लागत नाही. बतावणीतला सोंगाड्या समोरच्या बाकावरच्या पाटलाचा फेटा बघून जे जागच्या जागी बोलतो, ते अ‍ॅड लिब. दादा कोंडक्यांनी 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये रोजच्या बातमीवर तोंडसुख घेऊन हीच कला शहरी प्रेक्षकांपुढे नेली.

होरेस या रोमन कवीने कथनाच्या दोन चाली सांगितल्या. एक 'अब ओवो', म्हणजे थेट अंड्यापासून. दुसरी 'इन मेदियास रेस', म्हणजे गोष्टीच्या ऐन मध्यात उडी. त्याने होमरची पाठ थोपटली ती दुसरीसाठी. तमाशा मात्र पहिल्या चालीने जातो: आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि वग नंतर. प्रेक्षक रात्रभर बसायच्या तयारीने आलेला असतो, त्यामुळे त्याला ते शोभतं. गौरवांकातल्या लेखाला शोभत नाही. 'त्यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला' या अंड्यापासून निघालेला लेख डिंभे धरणापर्यंत पोचेस्तोवर वाचक उठून गेलेला असतो. पहिल्या परिच्छेदात धरणाखाली गेलेलं जुनं आंबेगाव येऊ द्या, जन्म नंतर सांगता येतो.

मुद्रितशोधकाचा 'स्तेत' उपयोगी आहे. चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात हे लिहायचं: 'राहू द्या'. 'सिक' मात्र टाळावा. फलकावरचं 'हार्दीक शुभेच्छा' जसंच्या तसं उतरवून कंसात 'सिक' लिहिलं, तर मराठी वाचकाला ती दुसरी चूक वाटते. 'इबिद' ऐवजी 'तत्रैव' आहे, 'नोता बेने' ऐवजी 'वि.सू.' आहे. घरात वस्तू असताना उसनी आणू नये. 'लाप्सुस कालामी', लेखणीची घसरण, हे संपादकाला पाठवायच्या दिलगिरीच्या पत्रात एकदा चालून जातं. दुसऱ्यांदा ते कारण म्हणून ऐकलं जात नाही.

मंचरपासून ओतूरपर्यंत सगळ्यात जास्त छापली, निदान पडद्यावर दिसली असेल, ती लॅटिन वेगळीच आहे. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याच्या तयार नमुन्यात मजकुराच्या जागी 'लोरेम इप्सुम' असतं. ते सिसेरोच्या इसवी सनपूर्व 45 मधल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथातून मोडतोड करून घेतलेलं आहे. 'दोलोरेम' म्हणजे 'दुःख', त्याचं पहिलं अक्षर कापलं आणि 'लोरेम' झालं. वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुकांची नावं बसायच्या आधी तिथे अर्धवट कापलेलं दुःख बसलेलं असतं.

शेवटी उच्चारांबद्दल. या पुस्तिकेत रूढ झालेले शब्द रूढ रूपातच ठेवले आहेत: कोरम, बोनाफाईड, बस. त्यांना सुधारायला जाणं म्हणजे गावकीत भांडण लावणं. बाकीचे बहुतेक प्राचीन रोमन उच्चारांच्या जवळ नेले आहेत. त्यात 'सी' हे अक्षर नेहमी 'क', आणि 'व्ही' हे सरळ 'व'. जसं लिहायचं तसं बोलायचं ही शिस्त देवनागरीला इंग्रजीपेक्षा लवकर मानवते. यामुळे सिसेरो खरं तर 'किकेरो' होतो आणि सीझर होतो 'कायसर', ज्याचा कैसर पहिल्या महायुद्धात आजोबा-पणजोबांच्या कानांवर होता. इसवी सनपूर्व 47 मध्ये झेलाची लढाई झटपट जिंकल्यावर याच कायसरने तीन शब्दांचा निरोप धाडला. जुन्या उच्चाराने तो 'वेनी, वीदी, वीकी' असा होतो. आलो, पाहिलं, जिंकलं, हा त्याचा अर्थ. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरवून, पुकारलेला भाव ऐकून, पावती खिशात घालणारा शेतकरी पहिले दोन शब्द तसेच ठेवील. तिसऱ्याचं भाषांतर करायची त्याला गरज पडणार नाही.